वरची पट्टी, खालची पट्टी

आमच्या सोसायटीत गच्चीवर एका फ्लॅटची एकच छत्री लावता येते. छत्री म्हणजे टीव्हीची. गच्चीवर दुसरी छत्री कुणी कायमची लावत नाही, तरी नोटिशीत तसा खुलासा केलेला आहे.

आमच्या घरात मात्र पक्ष दोन. बायको आणि मुलगी पैसेवाल्या सेवेच्या. आई डीडी फ्री डिशची. सह्याद्री वाहिनी पैसेवाल्या बॉक्सवरही दिसते, हे तिला मी दाखवून दिलं. "सरकार फुकट देतंय ते विकत कशाला बघायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फ्री डिश येते 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून, पैसेवाली सेवा 83 अंशांवरून. दोन्ही विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36,000 किलोमीटरवर. पुण्याहून बघितलं तर आग्नेयेकडच्या आकाशात दोघांमध्ये जेमतेम लांब धरलेल्या मुठीएवढं अंतर. भाचा म्हणाला, "मामा, छत्री 93.5 वरच राहू दे. शेजारी दुसरा एलएनबी लाव, तो 83 पकडेल." भाचा इंजिनिअरिंगला आहे, पण कुठल्या शाखेला, हे विचारायचं माझं राहून गेलं.

एलएनबी म्हणजे छत्रीसमोर बसणारा, लहरी पकडणारा डबा. मी दुसरा आणला. दुकानदार म्हणाला, दोन एलएनबी म्हणजे डायसेक स्विच लागणारच. तोही आणला. ॲल्युमिनियमची जुनी फूटपट्टी कापून आडवी बसवली, तिच्यावर एलएनबी बांधला आणि रविवारी सकाळी चहा घेऊन वर गेलो.

83 अंशांचा उपग्रह पश्चिमेकडे, म्हणून मी एलएनबी पश्चिमेकडे सरकवला. तो पुण्याहून आकाशात जरा वर दिसतो, म्हणून थोडा वरही उचलला. खाली टीव्हीसमोर आईला बसवलं होतं, फोन स्पीकरवर.

"आई, पट्टी किती?"

"ऐंशी! छान आलंय रे. आता हात लावू नकोस."

"वरची नाही, खालची सांग."

"खालची शून्य. पण वरची फार छान आहे, तीच ठेव."

वरची पट्टी स्ट्रेंथची. छत्री भिंतीकडे तोंड करून बसवली तरी ती बऱ्यापैकी भरते, कारण एलएनबी नुसता जिवंत असला की काहीतरी कुरकुर बॉक्सपर्यंत पोचवतोच. चित्र येतं ते खालच्या पट्टीवर, क्वालिटीच्या. आईने मला शाळेपासून वरच्या पट्टीवरच पास केलेलं असल्यामुळे तिला हे पटेना.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी भाचा स्वतः आला, गच्चीवर जाऊन अर्धा मिनिट बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, छत्री म्हणजे आरसा आहे. उपग्रह पश्चिमेला असेल तर त्याचा किरण उलटून पूर्वेकडे पडणार. तो वर असेल तर इकडे खाली." मी दोन रविवार नेमका उलट्या कोपऱ्यात शोधत होतो. त्याने एलएनबी पूर्वेकडे आणला, मधल्यापासून चार बोटं, आणि थोडा खाली. मग तो जागच्या जागी हळूहळू फिरवला. तेही लागतं, नाहीतर आडव्या-उभ्या लहरींची सरमिसळ होते.

खालून आईचा आवाज आला, "खालची सत्तर! पण वरची कमी झाली रे."

आता दोन्ही पक्ष सत्तेत आहेत. जोराचा पाऊस आला की दोघेही एकदमच पडतात. 36,000 किलोमीटर बिनबोभाट आलेल्या लहरींना शेवटचे ढग काही झेपत नाहीत.

राहिला डायसेक स्विच. एकाच बॉक्सला एकाच वायरीतून दोन उपग्रह द्यायचे असतील तर तो लागतो. आमच्याकडे बॉक्स दोन, वायरी दोन, त्यामुळे त्याचं खोकंही उघडलेलं नाही. दुकानदार परत घेत नाही. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पावतीही देईन.