सोवळ्यातली कात्री

अमेरिकेच्या राजकारणात खरं बोलणारा माणूस उरला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी डेव्हिड लुईस यांचं नाव ऐकलेलं नसावं. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळातले हे रिपब्लिकन नेते २०१६ च्या फेब्रुवारीत मतदारसंघ फेररचनेच्या समितीत उठले आणि म्हणाले, नकाशा असा काढू या की अमेरिकी काँग्रेसमधल्या राज्याच्या तेरा जागांपैकी दहा आपल्याला मिळतील आणि तीन डेमोक्रॅटिक पक्षाला. दहाच का? तर अकरा-दोन असा नकाशा काढणं शक्य आहे असं त्यांना वाटत नव्हतं म्हणून. विरोधी सदस्य समोर बसलेले, शब्दन् शब्द नोंदला जातोय, आणि लुईस शांत. नोव्हेंबरात निवडणूक झाली. निकाल लागला दहा-तीन. एवढं अचूक भविष्य पंचांगवाल्यांनाही सांगता येत नाही.

हेच लुईस २०२० मध्ये बँकेला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल करून विधिमंडळातून बाहेर पडले. नकाशाबद्दल मात्र ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

आणि त्या खरेपणात भाबडेपणा मुळीच नव्हता. २०१६ च्या त्याच फेब्रुवारीत केंद्रीय न्यायालयानं राज्याचा आधीचा नकाशा फेटाळला होता, कारण दोन मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार वर्णाच्या हिशेबानं ठासून भरले होते. वर्ण पाहून रेषा ओढणं घटनाबाह्य. मग नव्या रेषा कशाच्या हिशेबानं ओढल्या हे छातीठोकपणे सांगणं भागच होतं. लुईस यांनी ते सांगितलं: पक्षाच्या. या नकाशाविरुद्धचा खटला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमतानं लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की, पक्षीय स्वार्थासाठी केलेली काटछाट अन्यायाची वाटू शकते, लोकशाहीच्या तत्त्वांशीही ती विसंगत आहे, पण केंद्रीय न्यायालयांनी त्यात पडायचं कारण नाही.

जुन्या वाड्यांतल्या स्वयंपाकघरात जसं सोवळं-ओवळं पाळलं जाई, तसं ते आता अमेरिकेच्या मतदारसंघांत पाळलं जातं. कात्री तीच, कापड तेच, कापणारा हातही तोच. ‘हे काळे आहेत म्हणून कापलं’ असं म्हणालात तर विटाळ झाला. ‘हे डेमोक्रॅट आहेत म्हणून कापलं’ म्हणालात की कात्री सोवळ्यात. अडचण एवढीच की दक्षिणेकडच्या राज्यांत दहांपैकी सुमारे नऊ कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. म्हणजे ज्याला डेमोक्रॅट म्हणून दाराबाहेर काढलं, तो बाहेर गेल्यावर काळा निघतो. या योगायोगाचं दुःख नकाशे काढणाऱ्यांना फार होतं. ते तसं प्रतिज्ञापत्रावर सांगतात.

साउथ कॅरोलायनात हा योगायोग तीस हजार वेळा घडला. चार्ल्सटन भागातले सुमारे तीस हजार कृष्णवर्णीय मतदार पहिल्या मतदारसंघातून उचलून सहाव्यात, डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार जिम क्लायबर्न यांच्या पारड्यात टाकले गेले. ती जागा क्लायबर्न यांच्याकडे आधीच भक्कम होती, तिथे नव्या मतांची गरजच नव्हती. खालच्या न्यायालयाला यात वर्ण दिसला. सर्वोच्च न्यायालयाला २०२४ च्या मे महिन्यात सहा विरुद्ध तीन मतांनी तो दिसला नाही. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी बजावलं की विधिमंडळाचा हेतू चांगलाच होता असं धरून चालायचं. वाईट होता हे सिद्ध करायचं ओझं चार्ल्सटनच्या मतदारांवर.

पूर्वीच्या लोकांना ही कला अवगत नव्हती, बिचारे फार उघडे पडत. १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळानं टस्कीगी शहराची हद्द बदलली. शहर चौकोनी होतं, ते अठ्ठावीस बाजूंचं झालं. शहरातले सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदार, चार-पाच जण वगळता, हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. कुणी सामान बांधलं नव्हतं की घर बदललं नव्हतं, शहरच त्यांना सोडून निघून गेलं होतं. जिच्यामुळे टस्कीगीचं नाव जगाला माहीत झालं ती टस्कीगी इन्स्टिट्यूटही बाहेर राहिली. तिथलेच एक प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना ती अठ्ठावीस बाजूंची आकृती फारच ओबडधोबड वाटली. आजच्या संगणकानं ती सुबक काढली असती. शिवाय कुणी विचारलंच तर ‘पक्ष’ हा मंत्र हाताशी असता.

टस्कीगीच्या आधी तर कात्रीचीही गरज नव्हती. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांची पुण्याई तेव्हा अशी जोरावर होती. ती फार टिकली नाही. १८९० मध्ये मिसिसिपीनं नवं संविधान करून मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा आणली. शेजारच्या राज्यांनी तो धडा पटापट गिरवला. नॉर्थ कॅरोलायनाच्या ईशान्य भागातून निवडून आलेले जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि त्यानंतर १९२९ पर्यंत तिथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. दक्षिणेतून पुन्हा कुणी यायला १९७३ उजाडलं: टेक्ससमधून बार्बरा जॉर्डन, जॉर्जियातून अँड्र्यू यंग. खुद्द व्हाइट यांच्या नॉर्थ कॅरोलायनाला तर १९९२ च्या निवडणुकीपर्यंत थांबावं लागलं.

मधल्या काळात अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर लाठ्या खाऊन मिळवलेला १९६५ चा मताधिकार कायदा आला होता. त्यात एक कलम असं की, ज्यांचा पूर्वेतिहास वाईट त्या राज्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम किंवा नकाशा बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्या यादीवर हे कलम उभं होतं ती यादीच रद्द केली, कारण परिस्थिती सुधारली होती. भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्याचा हा प्रकार आहे, असं न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं. निकाल लागून काही तास होतात न होतात तोच टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा तत्काळ लागू झाल्याचं जाहीर केलं. हा कायदा तोवर अडवला गेला होता. महाधिवक्त्यांचं नाव ग्रेग अ‍ॅबट. चपळाईचं फळ त्यांना मिळालं, ते पुढे गव्हर्नर झाले.

मग आला २०२५ चा उन्हाळा. नकाशे जनगणनेनंतर दर दहा वर्षांनी बदलायचे असा शिरस्ता. पण राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना प्रतिनिधिगृहात बहुमत टिकवायचं होतं, आणि टेक्ससमधल्या आणखी पाच जागांवर आपला हक्क आहे असं त्यांनी सांगून टाकलं. लुईस यांच्या शाळेत शिकलेला माणूस पुढे काय करेल? ‘पक्षासाठी करतोय’ म्हणेल आणि मोकळा होईल. इथे मात्र केंद्राच्या न्यायखात्याला जास्तीचा उत्साह आला. सात जुलैला त्यांनी टेक्ससला पत्र धाडलं की तुमचे चार मतदारसंघ वर्णाच्या दृष्टीनं बेकायदा आहेत, ते दुरुस्त करा. त्यांत ह्युस्टनचा अठरावाही होता, बार्बरा जॉर्डन यांचा. म्हणजे स्वयंपाक सोवळ्यात चालू असताना वडीलधाऱ्यांनीच येऊन भांड्याला शिवावं, तसं झालं. टेक्ससचे वकील ‘निव्वळ राजकारण हो’ म्हणून गळा काढताहेत आणि दिल्लीश्वरांच्या, चुकलो, वॉशिंग्टनच्या सहीशिक्क्याचं पत्र सांगतंय, वर्ण!

डेमोक्रॅटिक आमदारांनी गणपूर्ती मोडण्यासाठी राज्य सोडलं. आश्रय घेतला तो इलिनॉयमध्ये. या राज्याच्या सतरा जागांपैकी चौदा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत आणि त्याचा नकाशा पाहिला तर आतड्यांचं चित्र आठवावं. लोकशाही वाचवायला निघालेल्या माणसानं मुक्कामाचं ठिकाण जरा पाहून निवडावं, पण घाईत होतं असं. परतल्यावर सभापतींनी अट घातली की चोवीस तास पोलिसांचा पहारा मान्य असल्याची सही करा, मगच बाहेर जा. फोर्ट वर्थच्या कृष्णवर्णीय आमदार निकोल कॉलियर यांनी सही केली नाही. त्या सभागृहातच झोपल्या. मताधिकार कायद्याला साठ वर्षं झाली त्याच महिन्यात लोकप्रतिनिधीला बाहेर पडायला परवानगीची चिठ्ठी लागावी, हा कार्यक्रम तसा औचित्याला धरूनच झाला.

नकाशा मंजूर झाला. नोव्हेंबरात एल पासोच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतांनी तो अडवला. निकाल लिहिला जेफ्री ब्राउन यांनी, आणि त्यांना नेमलं होतं ट्रम्प यांनीच. न्यायखात्याच्या त्या पत्रात तथ्याच्या, कायद्याच्या आणि टंकलेखनाच्याही इतक्या चुका आहेत की ते उलगडणं अवघड जातं, असा शेरा त्यांनी मारला. चार डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा आदेश स्थगित केला. विधिमंडळाच्या सद्हेतूवर विश्वास ठेवायचा असतो, ही आठवण पुन्हा करून दिली. अलिटो यांनी जोडलेल्या टिपणात तर म्हटलं की टेक्ससच्या आणि कॅलिफोर्नियाच्याही नकाशामागची प्रेरणा निव्वळ पक्षीय फायद्याची होती. झालं, शुद्धीकरण पूर्ण.

कॅलिफोर्नियाचा उल्लेख उगाच नव्हता. तिथे मतदारसंघ ठरवायला नागरिकांचा स्वतंत्र आयोग आहे आणि त्याचा डेमोक्रॅटिक मंडळींना कोण अभिमान! टेक्ससची बातमी येताच गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तो अभिमान काही वर्षांसाठी माळ्यावर ठेवला, आयोगाचा नकाशा बाजूला सारायचा प्रस्ताव मांडला आणि चार नोव्हेंबरला मतदारांनी तो भरघोस मतांनी मंजूर केला. उद्दिष्ट पाच जागांचंच. तिकडे नॉर्थ कॅरोलायनानं ऑक्टोबरात पहिला मतदारसंघ पुन्हा कापला. १९९२ पासून सलग कृष्णवर्णीय प्रतिनिधी पाठवणारा, जॉर्ज व्हाइट यांच्या मुलुखातला हा मतदारसंघ. हेतू काय, तर आणखी एक रिपब्लिकन जागा, बस्स. राज्याच्या जागा आता चौदा झाल्या आहेत, आणि लुईस यांना अशक्य वाटलेला अकराचा आकडा त्यांच्या वारसदारांनी कागदावर तरी गाठला. इंडियानाच्या रिपब्लिकन सिनेटनं मात्र डिसेंबरात असला नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. या प्रकरणात असे अपवाद मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मग मंत्र सगळ्यांनाच लागू पडतो का? लुइझियानाला विचारा. तिथली जवळपास एक तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीय, जागा सहा. न्यायालयाच्या दट्ट्यानं २०२४ मध्ये दुसरा कृष्णवर्णीय बहुमताचा मतदारसंघ काढावा लागला. तो श्रीव्हपोर्टपासून बॅटन रूजपर्यंत राज्यावर तिरका पसरला होता. इतका लांब का? कारण केंद्रीय प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन, तिथल्या बहुमताचे नेते स्टीव्ह स्कॅलिस आणि ज्युलिया लेटलो यांच्या जागांना धक्का लावायचा नव्हता. बळी द्यायचा होता तो गव्हर्नरांशी सूर न जुळलेल्या गॅरेट ग्रेव्ह्ज यांचा. आकार शंभर टक्के राजकारणानं ठरलेला. पण बिगर-कृष्णवर्णीय मतदारांनी दावा लावला की ही वर्णावर बेतलेली काटछाट आहे, आणि तो चालू असतानाच त्या मतदारसंघातून क्लिओ फील्ड्स निवडून आले. फील्ड्स यांना हे नवं नाही. नव्वदच्या दशकात इंग्रजी झेड अक्षरासारख्या मतदारसंघातून ते काँग्रेसमध्ये गेले होते, तोही न्यायालयानं मोडीत काढला होता. या वेळी गंमत अशी की ज्या राज्य सरकारनं नकाशा काढला आणि आधी त्याचा बचाव केला, तेच २०२५ च्या ऑक्टोबरातल्या फेरसुनावणीला उलटून आपल्याच नकाशाविरुद्ध उभं राहिलं.

मराठी माणसानं एवढं वाचून हे दूरच्या देशातलं भांडण म्हणून पान उलटू नये, कारण या नकाशात बेळगावही आहे. मिशिगनमध्ये मतदारांनी २०१८ मध्ये पुढाऱ्यांच्या हातून कात्री काढून घेतली आणि तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाला दिली. या भल्या माणसांनी डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्या पट्ट्या-पट्ट्यांनी कापून गोऱ्या उपनगरांना जोडल्या. मतं एकाच ठिकाणी साचू नयेत हा उदात्त हेतू. मग २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी नऊ जण उतरले. कृष्णवर्णीय मतं अनेकांत वाटली गेली आणि सुमारे २८ टक्के मतं घेऊन बेळगावात वाढलेले श्रीनिवास ऊर्फ श्री ठाणेदार पुढे आले. स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर त्यांनी प्रचारात ओतले होते. आपल्या मराठी आत्मचरित्राचं नाव त्यांनी आधीच ‘ही श्रींची इच्छा’ असं ठेवलं होतं, हा दूरदृष्टीचा भाग. तीन चतुर्थांशांहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, असं १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज तिथे पोचल्यापासून प्रथमच घडलं.

आयोगाचं पुढे काय झालं? डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी राज्य विधिमंडळाच्या नकाशांना आव्हान दिलं आणि २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायालयानं तेरा मतदारसंघ एका फटक्यात रद्द ठरवले. पुरावा शोधायला कष्ट पडले नाहीत. आयोगाच्या बैठका खुल्या होत्या, प्रत्येक शब्द नोंदलेला होता, आणि सदस्य या पट्टीत कृष्णवर्णीय किती टक्के, त्या पट्टीत किती, हे तासन् तास मोकळेपणानं बोलले होते. लुईसही समितीत उघडच बोलले होते, पण काय बोलायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. या तेरा जणांना तसा सल्ला देणारं कुणी भेटलं नाही. खटला विधिमंडळाच्या जागांपुरता असल्यानं काँग्रेसचा तेरावा मतदारसंघ त्यात नव्हता, आणि २०२४ मध्ये ठाणेदार तिथून पुन्हा निवडून आले.