बहुतेक मादी असावी

चैत्रात लोणारच्या विवराच्या काठावर उजाडायच्या आत पोहोचलं, की पक्षी दिसो न दिसो, एक ‘सर’ हमखास दिसतात. ते मेहकरचे असतील नाहीतर चिखलीचे, शाळेतून निवृत्त झालेले असतील नाहीतर बँकेतून. मातकट जाकीट, गळ्यात दुर्बीण आणि नवरीच्या दागिन्यांसारखी जपलेली लांबलचक लेन्स एवढ्या भांडवलावर माणसाला लोक सर म्हणू लागतात.

उतरण सुरू होताच सरांचं व्याख्यानही सुरू होतं. उल्कापाताने बेसाल्टमध्ये कोरलेलं हे विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, त्याच नोव्हेंबरात नांदूर मध्यमेश्वरनंतरचं राज्यातलं दुसरं रामसर स्थळ म्हणून घोषणा. माहिती चोख असते. अधूनमधून ते मागे वळून ओरडतात, “हळू बोला, पक्षी उडतील!” तेवढ्यात झाडीतला हळद्या उडतो.

सरांना सगळं येतं, फक्त ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. झुडपातलं पाखरू पुस्तकातल्या चित्राशी जुळलं नाही, तर चूक पाखराची. “मादी आहे.” मादीशीही जुळलं नाही, तर “पिल्लू आहे.” पिल्लाएवढं लहान नसलं, तर “पिसं झडायचा काळ आहे.” आणि काहीच दिसलं नाही, तर “गेल्या आठवड्यात यायला हवं होतं, चक्रवाक होते.” यावर वाद घालता येत नाही. चक्रवाक खरोखरच उन्हाळ्यात उत्तरेला हिमालयापलीकडे जातात.

खरं तर ही सबब दर वेळी खोटी नसते, हीच पंचाईत. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढराशुभ्र, मादी तांबूस, आणि तरुण नरही तांबूसच. कोकीळ काळा, पण मादी ठिपकेदार. निसर्गानेच इतक्या पळवाटा ठेवल्यावर सरांनी एखादी का वापरू नये?

काठावर शेकाट्या गुलाबी काटकुळ्या पायांनी चिखल चाळत असतात, टिटवी सगळ्यांच्या नावाने शंख करते. वेड्या बाभळीवरून खंड्या खाली झेपावतो. सर कुजबुजतात, “मासा धरला!”

“पण सर,” एक मुलगी विचारते, “एवढ्या खाऱ्या पाण्यात मासे कुठं असतेत?”

प्रश्न रास्त आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, त्यात मासा सहसा टिकत नाही. पांढऱ्या छातीच्या खंड्याचं त्यावाचून अडतही नाही. किडे, सरडे त्याला चालतात. सर मात्र दुर्बीण न काढता म्हणतात, “सराव करतोय.”

मग कमळजा देवीच्या देवळामागे एक बारीकसा आवाज येतो. सर हात वर करून सगळ्यांना थोपवतात. दुर्मीळ आहे, उत्तरेकडचा, वाट चुकलेला. बहुतेक मादी असावी. मुलगी फोन पुढे धरते. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप दोन क्षण ऐकतं आणि नाव दाखवतं: राखी वटवट्या. गावातल्या कुंपणावर रोज दिसणारा.

सर चष्मा कपाळावर चढवून पडदा वाचतात. “ॲप अमेरिकेचं आहे,” ते शांतपणे सांगतात, “त्याले आपल्या पाखरांचं वऱ्हाडी काय कळते?” आणि वर पोहे मिळतील का, याची चौकशी करत चढणीला लागतात.