ड्रॅगनचा सातबारा

नागपूरचं पोट्टं दिवसभर घरात सापडायचा महिना एकच, मे. पारा 45च्या वर गेला की दुपारी 11 ते 5 रस्त्यावर फक्त डांबर उरतं, आणि तेही पातळ झालेलं. क्रिकेट बंद, सायकल बंद, फुटाळा तलावाची चक्कर रात्रीच्या जेवणानंतर. घराघरांत कूलर, कूलरपुढं सतरंजी, सतरंजीवर पोट्टे आणि पोट्ट्यांच्या हातात मोबाइल. टेबलावरच्या भूमिकाखेळांचा प्रसार करायचा असेल, तर नवतपा लागायची वाट पाहावी. गिऱ्हाईक कुठं पळून जाऊ शकत नाही.

खेळ साधा आहे. चारपाच जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सुरू करतो: तुम्ही जंगलात आहात, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून हा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या खेपेला 1000 पेट्या निघाल्या. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावत होता. ही शेवटची माहिती मी पालकांना सांगत नाही.

कारण पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘यानं काय होते?’’ 1980च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच आईबापांना धास्ती होती, की या खेळापायी पोरं सैतानाच्या नादी लागतील. आमच्याकडे सैतानाला कोणी भीत नाही. त्याला नीटमध्ये किती मार्क पडले, एवढंच विचारतील.

मग उत्साही प्रचारक पालकांना पटवू लागतात: कल्पनाशक्ती वाढते, संघभावना येते, सभाधीटपणा येतो. पालक खूश होतात आणि पोट्टे गायब होतात. पोट्ट्यांचं बरोबर आहे. व्यक्तिमत्त्व घडवणाऱ्या गोष्टीला क्लास म्हणतात, आणि क्लास त्यांच्या मागे सकाळ-संध्याकाळ लागलेलेच आहेत.

दुसरं विघ्न पुस्तकाचं. खेळाडूंसाठीचं मुख्य पुस्तक 2014च्या आवृत्तीत 320 पानांचं आहे. आधी नियम समजावून मग खेळू देणं म्हणजे पंगत बसल्यावर आचाऱ्यानं भाषणाला उभं राहणं. मी पुस्तक दिवाणाखाली सरकवतो आणि म्हणतो, ‘‘काय करतो ते बोल, मग फासा टाक.’’ अर्ध्यांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेली असते, त्यांना एवढंही सांगावं लागत नाही.

फासा मात्र 20 बाजूंचा लागतो. ऑनलाइन मिळतो, पण मला त्याच दिवशी हवा होता म्हणून बर्डीच्या बाजारात खेळण्यांच्या एका दुकानात विचारलं.

‘‘सहाचा आहे ना भाऊ.’’

‘‘वीसचा पाहिजे.’’

‘‘मग सहाचे चार घेऊन जा. वीस काय, चोवीस होते!’’

या हिशोबावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही स्टीलच्या डब्यात 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकतो. फासे टाकणारी ॲपही आहेत. पण पोट्ट्याच्या हाती मोबाइल द्यायचा आणि त्यानं त्यावर फक्त फासा टाकावा अशी आशा करायची, यापेक्षा ड्रॅगनवर विश्वास ठेवणं सोपं.

सोंग आणायला मात्र इथं कोणाला शिकवावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याला याच पोट्ट्यांनी मिशा काढून, फेटे बांधून, लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा वसूल केलेला असतो. त्याच दिवशी शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. पिवळीची परंपरा 1885 सालापासूनची. सोबत बडग्यांचे पुतळे असतात: महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचा बडगा. पूर्वेला झाडीपट्टीत तर लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक बघतात. अशा मुलखात पोट्ट्याला राक्षस म्हणजे काय हे काय सांगायचं? तो त्याच्यासमोर नाचलेला असतो.

म्हणून मी थेट गुहेशी जाऊन थांबलो. टेकडीच्या पोटात सोन्याचा ढीग, ढिगावर झोपलेला ड्रॅगन. ‘‘बोला, काय करता?’’

नववीतला पोट्टा म्हणाला, ‘‘तलवार काढतो.’’

‘‘थांब बे,’’ सातवीतली पोट्टी म्हणाली. ‘‘काका, टेकडी कोणाच्या नावावर आहे? सातबारा कोणाचा?’’

तिच्या घरी उमरेडकडच्या शेतीचा वाद तिच्या जन्माआधीपासून चालू आहे. तिला मांत्रिक व्हायचं नव्हतं, योद्धाही नाही. ‘‘मले पटवारी करा,’’ ती म्हणाली. 320 पानांत पटवारी नाही. मी केलं. तिनं डब्यात हात घातला आणि चिठ्ठी निघाली 19. आता माझा इलाज नव्हता: जमीन वनखात्याची निघाली, ड्रॅगनचं अतिक्रमण ठरलं.

तिनं वहीचं पान फाडून नोटीस लिहिली. वर उजवीकडे तारीख, खाली ‘विषय: अतिक्रमण काढणेबाबत’, मुदत सात दिवस.

‘‘सात दिवस मी काय करू?’’ तलवारवाला कळवळला.

‘‘तू पंच हो. पंचनाम्यावर सही कर.’’

कोपऱ्यात तिचा चौथीतला भाऊ बसला होता. तो केवळ चिवड्यासाठी आला होता. ड्रॅगनच्या वतीनं कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी त्याला विचारलं, ‘‘नोटीस मिळाली. आता ड्रॅगन काय करेल?’’

त्यानं तोंडातला घास गिळला. ‘‘मी स्टे आणतो.’’

उच्च न्यायालयाचं खंडपीठ ज्या शहरात आहे, तिथल्या ड्रॅगनला आग ओकायची गरजच पडत नाही. त्यानं डब्यातून 17 काढले. स्टे मिळाला. मग पटवारीण पुरावे जमवायला गुहेत शिरली, पंच पाठोपाठ गेला, आणि कूलरमधलं पाणी संपलं तरी कोणी उठेना.

पोट्ट्यांना ओढून आणायची युक्ती विचाराल तर एवढीच. त्यांना दिवसभर जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं आधीच छापलेली असतात, चार पर्यायांत. इथं पाचवा पर्याय काढणाऱ्याचे मार्क कापले जात नाहीत. उलट सगळी गोष्ट त्याच्यामागे वळते. सूत्रधारानं फक्त ‘‘बरं, मग?’’ म्हणायचं आणि आपण रात्र जागून आखलेला नकाशा गुपचूप घडी करून ठेवायचा. ज्याचा जीव त्या नकाशावर जडलेला आहे, त्यानं एकट्यानं कादंबरी लिहावी. पोट्टे दुसऱ्या दिवशी आपोआप येतात, सोबत आणखी दोघं आणतात आणि चिवडा पुरत नाही.

खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. ‘‘यानं काय होते?’’ विचारणारे पटवारीणबाईंचे वडील तिला न्यायला आले आणि दारात उभ्यानंच ऐकत राहिले. मग चपला काढल्या. मग सतरंजीच्या कडेला टेकले. त्यांचा प्लॉटचा धंदा. थोड्या वेळानं त्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, ‘‘साहेब, स्टे उठला तर ते टेकडी एनए होईन काय? लेआउट पाडलं तर सोनं कोण मोजत बसते!’’

पोट्ट्यांनी तिथल्या तिथं बैठक घेतली आणि निर्णय ऐकवला: मोठ्यांना खेळता येईल, पण ड्रॅगनच्या बाजूनं. वडिलांनी हरकत घेतली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वकीलपत्र लिहायला घेतलं.