मागं घे जरा

जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि मार्चमध्ये अख्खा देश बंद पडला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आमच्या शेजाऱ्यांना अजून पटलेलं नाही. संमेलन त्र्याण्णवावं होतं. "शंभरी भरल्यावर घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं ते गॅलरीतून विचारायचे. तेव्हा धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, सगळ्याच चर्चा गॅलरीतून चालायच्या.

पुण्याहून मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता, तो इथंच अडकला. दिवसभर त्याच्या मीटिंगा, आईचा जप, बायकोच्या कुरडया. मी निवृत्त, म्हणजे घरात मला कामही नाही आणि जागाही नाही. "तुम्ही आपलं काहीतरी ऐकत बसा," म्हणून बायकोनं माझ्या हातात मोबाइल आणि मुलाचा ब्लूटूथ स्पीकर ठेवला. मी ऐकावं यापेक्षा बोलू नये, हा त्यातला हेतू मला कळला. पण स्पीकर चांगला होता.

यूट्यूबवर मला माझी तरुणपणची मंडळी भेटायला लागली. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांत राग उरकायला लागायचा, तसली घाई इथं नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाहीतर मांडवात, कुणा हौशी माणसानं स्पुलावर उतरवून घेतलेल्या अख्ख्या मैफली. आधी तंबोरे लागतात. मग तबल्यावर हातोडी पडते. मग तंबोरे पुन्हा लागतात. मागून कुणीतरी "पुढं सरका हो" म्हणतं.

मुलगा दारातून डोकावला. "बाबा, हे सुरू कधी होणार?"

"सुरूच आहे."

आतून आईचा आवाज आला, "आरं, मशीन बिघडलं का काय ते?"

स्टुडिओतलं गाणं निर्दोष असतं, मान्य आहे. पण त्यात कुणी कुणाला चहा विचारत नाही. मला तर मैफलीतली माणसंच जास्त आवडतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक गृहस्थ असतोच, जो सम यायच्या अर्धी मात्रा आधी "वाऽ!" म्हणतो. पुणे असो, मुंबई असो, धारवाड असो, हा हजर. दुसरा एक असतो, त्याची दाद "अहाहा"वरून "अगागा"वर जाते आणि पुढं नुसताच श्वास ऐकू येतो. ही सगळी मंडळी आता काळाच्या पडद्याआड गेली असतील, पण त्यांनी गायकाला जे घाईनं कळवलं ते आमच्या हॉलमध्ये रोज दुपारी पोचत होतं.

अडचणी होत्याच. विलंबित तीनताल चाललाय, गायक समेकडं निघालाय, आपण मांडीवर थाप मारायला हात उचललाय, आणि नेमकी तिथं सिमेंटची जाहिरात. उचललेला हात परत कसा घ्यायचा? मी बरेचदा सिमेंटला दाद दिली आहे. शिवाय त्या यंत्राला मी कुठला हे कळलेलं असावं. मन्सूरअण्णांचा जोड राग संपला की ते आपण होऊन 'उस्मानाबादी शेळीपालन : कमी खर्चात भरघोस नफा' लावायचं. त्या शेळीचा आवाजही थेट ध्वनिमुद्रणाचाच होता, पण आधीच्या गाण्यानंतर तिचं काही जमेना.

चैत्री पौर्णिमा आली. येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा भरली नाही, तुळजापूरचं देऊळही बंद. आईनं स्पीकर सरळ ताब्यात घेतला आणि आराधी गाणी लावायला लावली. संबळ नि तुणतुणं असं कडाडलं की मुलाच्या मीटिंगमधल्या बेंगळुरूच्या साहेबानं चौकशी केली. मुलानं सांगितलं, घरी कन्स्ट्रक्शन चालू आहे.

आईला शास्त्रीय गाण्यात गोडी लागली ती मात्र भलत्याच वाटेनं. मी भीमसेनांचं सवाई गंधर्व महोत्सवातलं एक जुनं, पहाटेचं गाणं लावलं होतं. भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्ररात्र चालायचा. शेवटच्या पहाटे ते स्वतः गायचे, मग सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीची तबकडी लागायची आणि ती ऐकून लोक घरी जायचे. आमचे थोरले काका दरवर्षी जात. गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. येडशीला जाऊन बार्शी लाइटची छोटी गाडी धरायची, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचं. छोटी गाडीही विलंबितातच चालायची. परत आल्यावर काका सांगायचे, शेजारी एकजण मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता, आता आपली दाद भीमसेनांच्या गाण्याबरोबर कायमची राहणार.

तर ललत चालला होता. वरचा षड्ज लागला, सगळा मांडव गप्प झाला, आणि त्या शांततेत कुणीतरी दणदणीत खोकलं.

आई उठून बसली. "मागं घे जरा."

मी मागं घेतलं.

"भाऊजीच की रे! आजून मागं घे."

सगळं घर स्पीकरभोवती जमलं. भीमसेन षड्ज लावतात, खोकला येतो, आई म्हणते मागं घे. एवढ्यांदा षड्ज त्यांनी हयातीत कुणाच्या फर्माइशीवर लावला नसेल. बायकोच्या मते हा खोकला कोरडा होता, काकांचा तंबाखूचा. मुलानं हेडफोन लावून तो डाव्या बाजूनं येतो असा निकाल दिला. काका डावीकडंच बसायचे, हे आईला लगेच आठवलं. चुलत भावांना क्लिप गेली; ते काकांना अण्णा म्हणायचे. एक म्हणाला शंभर टक्के अण्णाच, दुसरा म्हणाला अण्णा त्या वर्षी गेलेच नव्हते, आणि दोघांचं जमिनीवरून बंद असलेलं बोलणं या निमित्तानं सुरू झालं, भांडणापुरतं का होईना.

शेवटी लोहाऱ्याला काकूंना फोन लावला. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंनी फोन कानाशी धरून खोकला ऐकला. परत लाव म्हणाल्या. परत ऐकला.

"न्हाई रे बाळा. ह्यांचा जोडीनं यायचा. एक खोकून थांबणारा माणूस न्हवता त्यो."

आई हिरमुसली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तरी पाठवून दे मला. खोकल्यापुरतं कापून पाठव. गाणं नको, नेट संपतंय."