दाद आधी, गाणं सावकाश

संगीतप्रेमात सगळ्यात जास्त वेळ जायचा तो गाणं ऐकण्यात. तेवढा भाग वगळल्यापासून महाराष्ट्रात रसिकांचं पीक भरघोस आलं आहे. पूर्वी रसिक म्हणवून घ्यायचं तर तासन्‌तास मांडी घालून बसावं लागे, पायाला मुंग्या येत आणि उशिरा घरी गेल्यावर बोलणी बसत. आता अंगठा चालता असला की पुरे.

आमच्या सोसायटीच्या संगीतप्रेमी ग्रुपवर याचा प्रत्यय रोज पहाटे येतो. सहा दहाला तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा एक लिंक टाकतात. खाली सूचना असते, ‘अत्यंत दुर्मीळ. डोळे मिटून ऐका.’ ध्वनिमुद्रण बावीस मिनिटांचं. सहा दहालाच पहिलं ‘क्या बात है’ येतं, सहा अकराला जोडलेल्या हातांची रांग लागते आणि सव्वासहाच्या आत दोन काकूंच्या अंगावर काटा आलेला असतो. बावीस मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत ऐकायचं आणि वर काटाही आणायचा, याला साधना लागते. एकदा आप्पांकडून चुकून गॅस सिलिंडरच्या नोंदणीची लिंक पडली. तिलाही तीन वाहवा मिळाल्या. एका जाणकाराने ‘घराणं कुठलं?’ म्हणून विचारलं.

राग ओळखण्यावरून तर रोज जुंपते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात मान गंधाराचा, देशकारात धैवताचा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. फरक कळायचा तर गवई कुठल्या सुरावर मुक्काम ठोकतो आणि कुठला नुसता शिवून पुढे जातो, हे चार आवर्तनं कान देऊन ऐकावं लागतं. तेवढी सवड कुणाला? म्हणून ग्रुपने सर्वानुमते सोपी रीत काढली आहे. लिंक सकाळी आली तर देशकार, संध्याकाळी आली तर भूप. दुपारी आली तर आप्पांना झोप लागलेली नाही.

यात एकट्या ग्रुपला दोष देणं बरं नव्हे. तंत्रज्ञानाचा निवाडाही आपल्याच बाजूने आहे. स्पॉटिफायच्या हिशेबात तीस सेकंद गाणं वाजलं की ते ऐकलं गेलं. एकतिसाव्या सेकंदाला तुम्ही ते बंद केलंत तरी खात्यावर एक श्रवण जमा होतं. सिनेमाच्या गाण्याला हा नियम मानवतो. हल्ली संगीतकार मुखडा पहिल्या वीस सेकंदांतच उरकून टाकतात. पण विलंबित ख्यालवाल्याने काय करावं? अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-पाऊण मिनिट चालतं. म्हणजे बुवा पहिल्या समेवर पोचायच्या आत श्रोता रीतसर ऐकून, हिशेबात बसून निघूनही गेलेला असतो. तीस सेकंदांत ख्यालात एकच गोष्ट पुरी होते, ती म्हणजे बुवांचा घसा साफ करणं. त्यात 2024 पासून आणखी एक अट आली. वर्षभरात एखादी ध्वनिफीत हजार वेळा वाजली नाही, तर तिचे पैसेच मिळत नाहीत. तेव्हा एखाद्या गुणी गायिकेचा मारवा नऊशे नव्व्याण्णव जणांनी ऐकला, तर शास्त्रार्थाने तो कुणीच ऐकलेला नाही.

यंत्राने गाण्याला कात्री लावणं काही नवं नाही. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे गोरे साहेब गौहरजानसमोर कर्णा घेऊन बसले, तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात बाईंनी गाणं बसवलं, ताना घेतल्या आणि शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असं इंग्रजीत ठणकावून सांगितलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर तर पिढ्या पोसल्या. फरक एवढाच, की तेव्हा तीन मिनिटांत मावायची कसरत गवई करायचा आणि श्रोता तीच तबकडी झिजेपर्यंत लावायचा. आता सगळी कसरत श्रोत्याच्या अंगठ्याकडे आली आहे.

डिसेंबर उजाडता उजाडता मात्र रसिकांची छाती धडधडू लागते. याच सुमारास स्पॉटिफाय प्रत्येकाला वर्षभराचा ताळेबंद दाखवतं: कुणाला किती मिनिटं ऐकलंत, कुठलं गाणं किती वेळा. हा ताळेबंद चारचौघांत मिरवायचा असतो. किराणा घराण्यापलीकडे कानाला काही चालत नाही असं सांगणाऱ्या आप्पांचा ताळेबंद गेल्या वर्षी ग्रुपवर झळकला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘बेबी शार्क’ होतं. नातू त्याच मोबाइलवर जेवतो. या गाण्याचा दर्जा कुणी काढू नये. यूट्यूबवर दहा अब्ज वेळा पाहिला गेलेला जगातला पहिला व्हिडिओ तोच, जानेवारी 2022 मध्ये. एवढी दाद कुठल्या घराण्याच्या वाट्याला आली आहे? दुसऱ्या क्रमांकावर पावसाचा आवाज होता. त्याचं श्रेय आप्पांनी मियाँ मल्हाराला देऊन पाहिलं, पण काकूंनी सर्वांदेखत सांगितलं, की तो लावल्याशिवाय ह्यांना झोप येत नाही.

अशा अब्रूच्या प्रसंगांसाठी कंपनीने आत एक चोरदरवाजा ठेवला आहे. खासगी सत्र नावाची एक कळ असते. ती दाबली की तुम्ही काय ऐकताय हे इतरांना कळत नाही. तिचा शोध लागल्यापासून महाराष्ट्राचे संगीतात दोन भाग पडले आहेत. चारचौघांत कुमार गंधर्व आणि कळ दाबून ‘झिंगाट’. कुठल्याही माणसाची खरी आवड जाणून घ्यायची असेल, तर त्याने काय लपवलं ते पाहावं. पण तेवढंच यंत्र सांगत नाही.

चोरून ऐकण्याची परंपरा तशी जुनीच. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. हा आपलाच मराठी माणूस, त्यामुळे लोकांची अभिरुची लोकांवर सोडून भागणार नाही याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं, शास्त्रीय संगीत भरपूर लागू लागलं आणि देशाने शांतपणे काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. दर बुधवारी रात्री निवेदक अमीन सयानींच्या आवाजासाठी गल्ल्या ओस पडू लागल्या. अखेर 1957 मध्ये सरकारलाच विविधभारती काढावी लागली. केसकरांनी लोकांना नको ते ऐकवून पाहिलं. आजचा अल्गोरिदम हवं तेच ऐकवतो, तेच पुन्हा ऐकवतो आणि त्याच्यासारखंच आणखी पन्नास शोधून आणतो. केसकरांपासून निदान सिलोनला पळता तरी येत होतं.

तेव्हाचा श्रोताही काही संत नव्हता. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं ते फर्माइशींच्या पत्रांमुळे. गाण्याइतकीच ओढ निवेदकाच्या तोंडून आपलं नाव ऐकण्याची होती. आपल्याकडेही ‘आपली आवड’ लागलं की घरोघरी कान टवकारले जात ते गाण्याआधी येणाऱ्या नावांच्या माळेसाठी. पण तिथे एक गोम होती. नाव आधी येई, गाणं मागून, आणि घरातला एकुलता एक रेडिओ वडिलांच्या ताब्यात असे. नाव ऐकून झालं म्हणून तो बंद करण्याची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे मिरवायला आलेल्या माणसालाही गाणं ऐकूनच उठावं लागे. ‘गीतरामायण’ही 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीने असंच ऐकवलं. आठवड्याला एक गीत, अशी एकूण छप्पन्न. पुढचं गाणं हवं असेल तर रामालाही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणं भाग होतं.

आता थांबायची तयारी फक्त तिकिटासाठी उरली आहे. 22 सप्टेंबर 2024 च्या रविवारी दुपारी बाराला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची नवी मुंबईतली तिकिटं निघाली, तेव्हा घरोघरी जेवणाची ताटं वाढून ठेवलेली आणि कुटुंब मोबाइलला चिकटलेलं, असं दृश्य होतं. पडद्यावरच्या रांगेत नंबर लाखांत लागत होते. त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही हा हा म्हणता संपला. काळ्या बाजारात एका तिकिटाला लाखांचे भाव बोलले गेले. ज्यांना तिकीट मिळालं त्यांना पेढे वाटायची घाई, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हा बँड वाजवतो काय, हे त्या संध्याकाळी शोधायला घेतलं. चार महिने हाताशी होते. दोन गाणी पाठ झाली.

जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा लुकलुकला. परत जाताना तो परत करायचा असतो, ही अट आपल्याला जड गेली असणार. या बँडचा गायक जगभर एक खेळ करतो. एक गाणं मध्येच थांबवून तो हात जोडतो आणि म्हणतो, एवढं एकच गाणं मोबाइल खिशात ठेवून ऐका. लोकांना हे फार भावतं. इतकं भावतं, की त्या बिनमोबाइलच्या गाण्याचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर हवे तेवढे सापडतात.

शास्त्रीय संगीतवाले हे वाचून मिशीत हसत असतील, तर त्यांनी पुण्यातल्या मुकुंदनगरला यावं. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे पुण्याचा संगीताचा वार्षिक सण. पूर्वी तो रात्र रात्र चाले. आता ध्वनिवर्धकाच्या कायद्याने बहुतेक दिवशी रात्री दहाला गाशा गुंडाळावा लागतो, म्हणून मध्यरात्रीचे राग संध्याकाळच्या रागांच्या मागे वेळ मागत उभे असतात. आत शिरताच प्रथम शाल पसरून जागा धरायची. मग ‘सवाईत’ अशी चारच अक्षरी खूण करून मांडवाचा फोटो टाकायचा. निम्मा महोत्सव पदरात पडला. उरलेला निम्मा खाण्याच्या स्टॉलवर, वडा आणि कॉफीच्या मधोमध. ‘तयारी आहे हो, पण गुरूंची सर नाही,’ हे वाक्य तिथे कुठल्याही गायकाबद्दल, तो गायला बसायच्या आधीपासून म्हणता येतं.

मांडवातले लोक अर्थात ऐकतात. सम आली की मान हलते. पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांची मान हलली की मागच्या रांगेतल्या माना हलतात, त्यांच्या मागच्या आणखी जरा उशिरा, आणि सगळ्यात शेवटच्या खुर्च्यांपर्यंत सम पोचेस्तोवर बुवा पुढच्या आवर्तनात गेलेले असतात. तान सुरू झाली की शेकडो मोबाइल वर होतात. तीस सेकंदांनी खाली येतात. ऐकून झालेलं असतं.

अशा प्रत्येक मैफलीत सुरुवातीपासून भैरवीपर्यंत खात्रीने ऐकणारी माणसं दोनच: बुवांच्या मागे तानपुरे घेऊन बसलेले शिष्य. त्यांची निष्ठा मोठी आहेच, पण खरं कारण साधं आहे. त्यांचे हात अडकलेले असतात. तारांवरची बोटं थांबली तर घरी गेल्यावर गुरुजी बोलतील, त्यामुळे ना फोटो, ना रील, ना वडा.

तेव्हा आमची आयोजकांना नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षी प्रवेशद्वारावर तिकिटाबरोबर प्रत्येक रसिकाच्या हाती एक तानपुरा द्यावा. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंच आहे. तिथल्या कारागिरांना दहा वर्षं मान वर करायला फुरसत मिळणार नाही. रसिकांचे दोन्ही हात गुंतल्यावर मोबाइल आपोआप खिशात राहील. अडचण एकच आहे. इतके तानपुरे जुळवायचे तर सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागेल, आणि पहिलं वर्ष बहुधा जुळवाजुळवीतच जाईल. तरी हरकत नाही. आपला तानपुरा लागला की नाही हे कळायला वेळ लागतो. शेजाऱ्याचा लागलेला नाही, हे पुणेकराला तीस सेकंदांच्या आत ऐकू येतं.