नामदेव वल्द तुकाराम

आमच्या घरात पुरुषांना नावं दोनच. नामदेवाच्या पोराचं तुकाराम, तुकारामाच्या पोराचं नामदेव. आज्याचं नाव नातवाला, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालला. माझ्या वेळी आईनं तो हट्टानं मोडला; पुढे मी गणितात नापास झालो की खापर त्या हट्टावरच फुटायचं. गंमत म्हणजे, सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे पोराला त्याची आईसुद्धा बापू नाहीतर भाऊ म्हणायची. ज्या नावासाठी एवढा आटापिटा, ते घरात कुणी उच्चारतच नव्हतं. ते उरलं कागदावर.

आणि कागदाची वेळ आली. पुतण्याच्या प्रवेशासाठी कुणबी जातीचा दाखला हवा होता, त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा. जितका जुना तितका भारी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आज्याची जन्मतारीख १ जुलै निघाली. ही तारीख जन्माची नव्हे, गुरुजींनी दिलेली. आमच्या गावची अर्धी जुनी माणसं १ जुलैलाच जन्मलेली आहेत. इतक्या बाळंतिणी एका दिवशी सुईणीनं कशा उरकल्या असतील, देव जाणे.

मग राहिलं कोतवाल बुक. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ते कोतवालानं सांगायचं आणि लिहिणाऱ्यानं या वहीत मांडायचं. तालुक्याच्या कचेरीत एका पोरसवदा कारकुनानं ती माझ्यासमोर उघडली. कडा हात लावताच भुगा होणाऱ्या. अक्षर मोडी. लिहिणाऱ्यानं आधी एका दमात पानभर रेघ ओढलेली आणि मग तिला दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं टांगलेली. शेजारच्या टेबलावर एक मोडी वाचणारे काका बसले होते. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हापासून मोडी येणाऱ्या माणसाला जावयाइतका मान आहे.

काकांनी बोट ठेवलं आणि वाचलं, "नामदेव वल्द तुकाराम, कुणबी, मुलगा."

माझा पणजा! मी जवळजवळ उठून उभाच राहिलो. काकांनी पान उलटलं. "नामदेव वल्द तुकाराम, कुणबी, मुलगा." आणखी चार पानांनी पुन्हा तेच. वर्षं १९१४, १९१७, १९१९. आडनाव कुठंच नाही, पोराचं नाव कुठंच नाही. बारसं व्हायच्या आत नोंद झाली, तर नाव येणार कुठून? बरं, त्या काळी गावात नामदेव वल्द तुकाराम दोन होते, सख्खे चुलतभाऊ, एकाच तुकारामाचे नातू... नाही, तेही चुकलं, मग त्यांच्या बापांची नावं सारखी कशी? माझीच वंशावळ सांगताना मी असा आडरानात शिरतो. 'वल्द' हा अरबीतून दरबारात आणि दरबारातून आमच्या मातीत आलेला शब्द, म्हणजे 'चा मुलगा'. नेमका कोणाचा, ते तो सांगत नाही.

मला वाटायचं, तीच तीच नावं ठेवायची ही खोड आपलीच. पण स्कॉटलंडातल्या जुन्या चर्चच्या चोपड्यांबद्दल वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तिथंही थोरल्याला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच नावाची पोरं, आणि त्यांचे वंशज आज चष्मे पुसत बसलेले. १७८३ साली सरकारनं दर नोंदीवर तीन पेन्स कर बसवला, तर लोकांनी नोंदच करणं टाळलं. १७९४ मध्ये कर उठला, पण मधल्या पोरांचं काय? चिवट माणसं ती, आपल्याकडे सहज खपली असती. एका बाबतीत मात्र ते पुढे : त्यांच्या कागदावर बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही टिकतं. माझ्या पणजीचं तर नावच त्या वहीत नाही. नामदेवाला मुलगा झाला, असं लिहिलंय. जणू त्यानं एकट्यानं निभावलं.

आमच्या जिल्ह्यातल्या जाधवांचं बरं. त्यांची वंशावळ सिंदखेडराजाला जाऊन थेट लखुजीरावांपाशी टेकते. मधली जवळजवळ चारशे वर्षं कुणी विचारत नाही.

पानं पुन्हा मागे उलटता उलटता १९१८ चा ऑक्टोबर आला. मानमोडीच्या साथीचं साल. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. काका वाचायचे थांबले. पान अर्ध्यावर आलं आणि अक्षर बदललं होतं. लिहिणारा बदलला होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तिन्ही नोंदींच्या नकला घेऊन मी आत्याकडे गेलो. नव्वदीला टेकलेली, पण घराण्याचं खरं कोतवाल बुक तीच. मी वाचून दाखवलं. १९१७ ची नोंद १८ ऑगस्टची.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी," आत्या म्हणाली. "थो तुया आजा. बाबा करीले झाले, असं आजी सांगे."

मी पंचांग धुंडाळलं. त्या साली पोळा १७ ऑगस्टलाच. अंगावर काटा आला. "आणि १९१४ चा?"

"थो जगला नाही. त्याचंच नाव मंग बाबाले ठेवलं."

वहीत त्याचं नाव नाही, मृत्यूची नोंद मला सापडली नाही. एक ओळ, एवढाच तो.

आत्यानं पदरानं चष्मा पुसला. "आन मी हाय का रे त्याच्यात?"

होती ना. 'तुकाराम वल्द नामदेव, मुलगी' अशा चार नोंदी मी उतरवून आणल्या होत्या, चार बहिणींच्या. तारखा वाचल्या. तिनं चारही नीट ऐकल्या, बोटांवर काहीतरी मोजलं आणि सगळ्यात शेवटच्या तारखेवर हात ठेवला.

"हे मी."

"आत्या, तू तर थोरली ना?"

"कागदावर नाव हाय का कोनाचं?" ती म्हणाली. "मंग लिही. हे मी."