ऐकलंत का, काकू बोटीवरून आल्या!

अहो, जरा कुंपणाशी या ना इकडे. भाजी नंतर निवडा. ऐकलंत का, केळीवाल्या काकू आल्या बोटीवरून! काल मध्यरात्री विदर्भ एक्सप्रेसनं उतरल्या आणि सकाळी सातला माझ्या दारात, विरजण मागायच्या निमित्तानं. विरजण कसलं, पोटात मावत नव्हतं त्यांच्या. मी आपला चहा टाकला, आणि मग जे ऐकलं ना…

तुम्हाला माहितीच आहे, ही सगळी टूम धुळ्याच्या नणंदबाईंची. आखाजीला माहेरी आल्या होत्या तेव्हाच भुणभुण लावली होती, "वहिनी, मनाली-बिनाली जुनं झालं आता, क्रूझ करायची." आणि जळगाव 45वर, पंखा नुसती गरम हवा फेकतोय, अशात कुणी समुद्राचं नाव काढलं की माणूस हो म्हणणारच. आपल्याला पाणी म्हणजे मेहरूण तलाव, फार तर हतनूरचं धरण. काकूंनी लगेच नवी चप्पलसुद्धा घेतली. तेवढ्यात समोरचे आजोबा फाटकापाशी येऊन म्हणाले, "1947 साली 17 जुलैला रामदास बोट बुडाली होती, रेवसला जाताना." झालं! काकूंचा चेहरा असा उतरला की काही विचारू नका. आजोबांना काही काळवेळ आहे का?

तर काय सांगत होते… हां, खोल्या. काकूंच्या मुलानं मोबाइलवरून आतल्या बाजूची खोली घेतली. स्वस्त पडते ना. काका, काकू आणि सासूबाई, तिघांत एक. नणंदबाईंनी ऐकलं आणि फोनवर म्हणतात कशा, "अगंबाई, खिडकीच नाही? आम्ही बाल्कनीची घेतलीय हो, वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला." हे वाक्य अख्ख्या धुळ्यात फिरलं. माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचलं, म्हणजे बघा.

मुंबईत बॅलार्ड पिअरला सगळे भेटले. धुळ्याचे आग्रा रोडनं स्वतःच्या गाडीनं आलेले, आपले काका-काकू रात्रभर रेल्वेत अवघडून. आणि तिथे सामान मशीनमधून जातं तर नणंदबाईंची बॅग बाजूला! काय निघालं माहितीये? इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड. बोटीवर चालत नाही म्हणे, आगीची भीती. सासूबाईंचं निरांजन ठेवू दिलं, पण लावायचं नाही. इस्त्री मात्र जप्त, उतरताना परत घ्या म्हणाले. मागे रांग खोळंबलेली, सगळे माना वर करून बघतायत, आणि जावई, म्हणजे नणंदबाईंचे यजमान, कोऱ्या चेहऱ्यानं भिंतीवरचा नकाशा वाचतायत. काकू सांगताना डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या, हसून हसून.

खोलीत गेल्या तर भिंतीला छान पडदा. काकूंना वाटलं, मुलगा चुकला, खिडकी आहे की! हौसेनं पडदा सारला तर मागे… आरसा. स्वतःचंच तोंड दिसलं. मग दिवा घालवला की दिवस का रात्र ते कळायचं नाही. पण काका म्हणाले, लग्नानंतर इतकी झोप पहिल्यांदा लागली.

आणि हो, बोट सुटायच्या आधी कवायत असते, संकट आलं तर कुठे जमायचं त्याची. सात छोटे भोंगे आणि एक लांब. सगळे सेल्फी काढतायत, तोवर सासूबाई पर्स काखेत मारून, चपला घालून, ठरल्या जागी सगळ्यात पुढे उभ्या! वय 78. आजोबांचं ते रामदास त्यांनीही ऐकलं होतं ना.

पहिल्या रात्री जेवताना नणंदबाई सांगत होत्या, "एकदम नवी कोरी बोट आहे हो." भाच्यानं तिथल्या तिथे तोंड उघडलं. म्हणे, कॉर्डेलिया कंपनीची ही एम्प्रेस 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियन म्हणून अमेरिकेतली कंपनी आहे तिच्याकडे होती, मुंबईहून सुटायला लागली ती 2021पासून. टेबलावर शांतता. काकू काय म्हणाल्या असतील? "असू दे की, आमचं लग्न 90चंच." बाई बोलत नाहीत, पण बोलल्या की अशा!

जेवणाचं काय विचारता, सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच. जैनांचं वेगळं, त्यामुळे सराफ बाजारातली जी मंडळी होती ती खूश. पण काकांना तिखट लागेना. तिसऱ्यांदा डाळ परत पाठवली तेव्हा वाढणारा पोरगा मराठीत म्हणाला, "काका, काय हवंय?" मालवणचा निघाला! त्यानं आतून चार हिरव्या मिरच्या आणि मीठ आणून दिलं. काकांनी वाटीच्या बुडानं ताटलीतच ठेचा केला. शेजारच्या टेबलावरचे दोघे, भुसावळचे निघाले म्हणे, ताटलीच घेऊन आले.

बरं, खरी गंमत पुढेच आहे. जरा जवळ या… दुसऱ्या रात्री वारा सुटला. मे संपत आलेला, एक जूनपासून कोळ्यांची मासेमारीसुद्धा बंद असते, समुद्राचा भरवसा नसतोच. बाल्कनीवाल्या नणंदबाई आडव्या! दोन दिवस समुद्राकडे पाठ. पडदा लावून घेतला, म्हणे, बाहेर बघितलं की जास्त होतं. म्हणजे पैसे मोजले खिडकीचे आणि… मी बोलत नाही बाई काही. तो मालवणी पोरगा काकूंना म्हणाला, बोट मध्यावर कमी हलते, टोकांना जास्त, आणि जितकं वर तितकं जास्त. पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, ते कडेला डोलणं आवरतात, पण पुढचं टोक वरखाली होतं त्याला कुणाचा इलाज नाही. काकूंची खोली खालच्या मजल्यावर, बरोबर मध्यात. स्वस्तातली.

सासूबाई लेकीला बघायला वर गेल्या. "काय व्हयनं वं बाई तुले?" म्हणाल्या आणि आल्याचा तुकडा दिला तोंडात. मग बाल्कनीच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या, पदर उडतोय, आणि म्हणतात, "आमनी बैलगाडी यापेक्षा जास्त हाले." नणंदबाईंनी उशी तोंडावर घेतली.

गोव्याचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. मुरगावला लागली बोट, बस करून मंगेशीला जाऊन आले. बोट कुणासाठी थांबत नाही म्हणून काका पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत होते. काजू आणलेत, तुम्हालाही देतील.

हां, तर काय सांगत होते, जावई! बायको आडवी म्हटल्यावर गेले ते कसिनोत. किनारा लांब गेला की मगच उघडतो तो. तिथे सगळं खोलीच्या कार्डावरच, दारू, वायफाय, सगळं… नोट काढायची नाही, म्हणून कळतही नाही. जेवण तिकिटात, बाकी सगळ्याला पैसे. शेवटच्या सकाळी हिशेबाचा कागद हातात आला, नणंदबाईंनी उठून बसून वाचला, आणि म्हणे तेव्हापासून मळमळ एकदम थांबली. आकडा काकूंनाही कळलेला नाही. जावई परतीला धुळ्यापर्यंत गाडीत चकार शब्द बोलले नाहीत, इतकं मात्र कळलं. माझी मावसबहीण आहे तिकडे, आकडा येईल चार दिवसांत.

आणि ऐका, आम्हीही ठरवतोय. पावसाळ्यात ती बोट मद्रासकडून श्रीलंकेला जाते म्हणे, तेव्हा आपल्याला दिवाळीनंतरचीच बघायला हवी. समुद्रही तेव्हा शांत असतो. खालची, मधली, बिनखिडकीची खोली, एवढं मी ह्यांना लिहूनच दिलंय. एका खोलीत चौघं असले की माणशी आणखी कमी पडतं. तुम्ही दोघं, आम्ही दोघं. रविवारपर्यंत विचारून सांगा भाऊजींना. आणि हो, काकूंना यातलं काही मी सांगितलं म्हणून बोलू नका.